अंगणातलं पोर आणि दारचं कुत्रं



मागच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीवर एक गोष्ट घडली. आमच्या गटातल्या एका मावशींची पाच वर्षांची नात घरामागच्या परड्यात गेली. तिथं कुत्री व्यायली होती. कुत्री ओळखीची, रोज दारात बसणारी. पोरीनं एक पिल्लू उचलून छातीशी धरलं आणि कुत्रीनं तिच्या मनगटाला चावा घेतला. घरच्यांनी घाबरून जखमेवर चुना लावला. तेवढ्यात आशाताई आल्या. त्यांनी चुना धुऊन काढला, साबण लावून पोरीचा हात बराच वेळ नळाखाली धरला आणि तिला दवाखान्यात नेलं. पोरगी आज ठणठणीत आहे. पण त्या रात्री पारावर ठरलं, की वस्तीवरची सगळी कुत्री विष घालून मारायची.

दुसऱ्या दिवशी आमच्या गटाची बैठक होती. बचतीचा हिशोब बाजूला राहिला आणि बोलणं कुत्र्यांवर आलं. कोणी म्हणालं मारा, कोणी म्हणालं नको. एक आजी गप्प बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आमची पोरं कुत्र्यांच्या संगंच वाढली की. तवा काय निराळं हुतं?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं. मग आम्ही म्हाताऱ्या माणसांना विचारलं, पोथ्या-पुस्तकं चाळली, पशुवैद्यांशी बोललो. त्यातून जे हाती लागलं, ते आज सांगणार आहोत.

सुरुवात आपल्याच मुलखातून करू. प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद नावाचं ठिकाण आहे, श्रीरामपूर तालुक्यात. १९७४ साली तिथं एका भिल्ल शेतकऱ्याला जमिनीत चार धातूच्या वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा एक रथ. अनेक अभ्यासकांच्या मते या वस्तू जवळपास चार हजार वर्षांपूर्वीच्या असाव्यात. रथ हातभर लांबीचा आहे. त्याला दोन बैल जुंपलेले आहेत, मागे हाकणारा माणूस उभा आहे, आणि त्या माणसाच्या पुढ्यात, रथाच्या दांडीवर, एक कुत्रा उभा आहे. ज्या कारागिरानं हा रथ घडवला, त्याला माणूस आणि बैल दाखवून भागलं नाही. कुत्र्याशिवाय त्याचं चित्र पुरं होत नव्हतं. आजही बैलगाडी शेताकडे निघाली की कुत्रं बरोबर चालू लागतं, ते आपण पाहतोच.

म्हणजे ही सोबत फार जुनी आहे. सोबत जुनी असली तरी तिला नियम होते. ते नियम कुठं लिहून ठेवलेले नव्हते, गोष्टींतून आणि घरच्या वळणातून ते पोरांपर्यंत पोचत होते.

महाभारताचंच बघा. पांडव शेवटी स्वर्गाकडे निघाले तेव्हा धर्मराजाबरोबर कुत्रा होता आणि त्याला सोडून स्वर्गात जायला धर्मराज तयार झाला नाही, ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. पण महाभारताच्या सुरुवातीलाही एक कुत्रा आहे, हे आपल्यापैकी फार थोड्या जणींना माहीत असेल. आदिपर्वात ती कथा येते. राजा जनमेजय भावांसह कुरुक्षेत्रावर यज्ञ करत होता. तिथं सरमा नावाच्या देवांच्या कुत्रीचं पिल्लू आलं. राजाच्या भावांनी त्याला मारलं. ते रडत आईकडे गेलं. आईनं आधी त्यालाच विचारलं, की तू काही आगळीक केली असशील. पिल्लू म्हणालं, मी हविर्द्रव्याकडे पाहिलंही नाही आणि चाटलंही नाही. मग सरमा यज्ञात गेली आणि जाब विचारला. भावांपाशी उत्तर नव्हतं. तेव्हा तिनं शाप दिला, की तुम्ही निरपराध्याला मारलं, म्हणून न दिसणारं भय तुमच्यावर येईल.

ही कथा बैठकीत वाचली तेव्हा आम्ही बराच वेळ तिच्यावर बोलत होतो. न दिसणारं भय म्हणजे काय? आमच्यापुरता आम्ही अर्थ असा लावला. ज्या कुत्र्याला येता-जाता दगड बसतो, ते कधी, कोणाला आणि का चावेल हे सांगता येत नाही. दगड मारणारा एक असतो आणि चावा भलत्याच पोराला बसतो. म्हणून पोरांना पहिला नियम हा, की मुक्या जनावराला विनाकारण मारायचं नाही. दिवाळीत कुत्र्याच्या शेपटीला फटाके बांधणारी पोरं आपल्याच गावातली असतात. ती मजा नव्हे. ते भय आपणच पेरतो.

दुसरी गोष्ट नामदेव महाराजांची. कुत्र्यानं भाकरी पळवली आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी भाकरी खाऊ नकोस म्हणून. लहानपणी ही गोष्ट ऐकली नाही अशी बाई महाराष्ट्रात सापडायची नाही. गोष्ट भूतदयेची आहे, पोरांना ती जरूर सांगावी. पण सांगून झाली की एक वाक्य जोडावं: बाळा, महाराज संत होते, आपण खाणाऱ्या कुत्र्यामागे धावायचं नाही. खाताना, झोपेत आणि पिल्लांपाशी कुत्र्याला हात लावायचा नाही, हा दुसरा नियम. आमच्या वस्तीवरच्या पोरीला हे कोणी सांगितलं नव्हतं. तिची चूक नव्हती. कुत्रीचीही नव्हती. सांगायचं आमचं राहून गेलं होतं.

आपल्या आज्या पहिली भाकरी गाईला आणि शेवटची कुत्र्याला घालायच्या. ती भाकरी पोरं वाटेल तेव्हा, वाटेल तिथं टाकत नसत. घरातली जाणती बाई रोज ठरल्या वेळी, ठरल्या दगडावर ती ठेवायची. कुत्र्याला माहीत असायचं, की आपलं अन्न येणार आहे. त्यामुळे पोराच्या हातातली भाकरी हिसकावण्याचं त्याला कारण नसायचं. आज लग्नकार्यातलं उरलेलं अन्न आणि कोंबडीच्या दुकानातली घाण वेशीवर पडते. तिथं कुत्र्यांच्या टोळ्या जमतात आणि शाळेची वाटही तिथूनच जाते. आजींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आम्हाला इथं मिळालं.

उरलेलं अर्धं उत्तर धनगरवाड्यावर मिळालं. खंडोबाबरोबर कुत्रं असतं आणि त्याचे भक्त स्वतःला वाघ्या, म्हणजे देवाचं कुत्रं, म्हणवून घेतात. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात. पण कुत्र्याबरोबर खरा संसार केला तो मेंढपाळांनी. दिवाळीनंतर कळप घेऊन बिऱ्हाड निघतं. घोड्यावर सामान, त्यातच लहान पोरं आणि कोकरं, आणि बाजूनं कुत्री. रात्री वाघर लावून मेंढरं कोंडली, की लांडग्यापासून राखण कुत्र्यांकडे. अशा बिऱ्हाडावरच्या एका काकूंना आम्ही विचारलं, तुमची पोरं या दांडग्या कुत्र्यांशी खेळतात, भीती वाटत नाही? त्या म्हणाल्या, राखणीला लागलेल्या कुत्र्याला पोर शिवत नाही. दिवसा कुत्रं मोकळं असलं तर खेळतं, पण एक मोठं माणूस तिथं असतंच.

हा तिसरा नियम, आणि सगळ्यांत मोठा. पूर्वी अंगणात आजी निवडत-टिपत बसलेली असायची, आत्या असायची, मोठी चुलत भावंडं असायची. पोर आणि कुत्रं कधी एकटं नव्हतंच. आता आई मजुरीला, बाप कारखान्यावर, आणि पोर मोबाइल घेऊन ओसरीवर. कुत्रं तेच आहे, अंगणातलं माणूस कमी झालं.

आता पारावरच्या ठरावाकडे येऊ. कुत्री मारून प्रश्न सुटतो का? हे करून पाहणारे आपण पहिले नव्हतो. इंग्रजांच्या काळात मुंबईत भटकी कुत्री मारण्याचा हुकूम होता आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे पैसे मिळत. १८३२ च्या जून महिन्यात पैशांच्या लोभानं लोकांच्या दारातली कुत्रीही पकडली जाऊ लागली. पारशी समाज कुत्र्याला पवित्र मानतो. त्यांनी दुकानं बंद ठेवली, रस्त्यावर उतरले, मोठा दंगा झाला. कुत्री मारणं त्यानंतरही अनेक ठिकाणी चालू राहिलं, पण पिसाळण्याचा रोग काही त्यानं गेला नाही. एका वस्तीतली कुत्री संपली की दुसरीकडची येतात, आणि आलेली कुत्री पोरांच्या ओळखीची नसतात, लस टोचलेलीही नसतात.

रोगावरचा इलाज दुसऱ्याच वाटेनं आला. त्यात एका आईचा वाटा आहे, म्हणून तो आवर्जून सांगतो. १८८५ साली फ्रान्सच्या सीमेवरच्या अल्सास भागात जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेला कुत्रा अनेक ठिकाणी चावला. त्या काळी अशा चाव्यानंतर रोग उलटला, तर मरणाची वाट बघणं एवढंच हाती असे. आईनं त्याला पॅरिसला लुई पाश्चर यांच्याकडे नेलं. पाश्चर लस तयार करत होते, पण पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलेल्या मुलावर तिचा उपचार पुरता पार पडलेला नव्हता. ६ जुलै १८८५ रोजी पहिली लस टोचली, पुढचे काही दिवस टोचत राहिले आणि मुलगा वाचला. मोठेपणी तो पाश्चर यांच्याच संस्थेत राखणदार म्हणून राहिला.

ती लस पुढे आपल्या देशात आली. १९०० साली हिमाचलातल्या कसौलीला आणि १९०७ साली तमिळनाडूतल्या कुन्नूरला पाश्चर संस्था निघाल्या. कसौलीत डेव्हिड सेंपल या डॉक्टरांनी १९११ साली नवी लस काढली. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस आपल्याकडे कित्येक दशकं चालली. पोटात चौदा इंजेक्शनं असं आपल्या आया सांगतात, ती हीच. त्या चौदा सुयांच्या भीतीनं कितीतरी माणसं दवाखान्यात गेलीच नाहीत आणि मांत्रिकाच्या दारी गेली. ती लस या शतकाच्या सुरुवातीला बंद झाली. आता पोटात सुया नाहीत. दंडात चार किंवा पाच वेळा, डॉक्टर सांगतील त्या तारखांना लस घ्यायची. जखम खोल असेल किंवा रक्त आलं असेल, तर जखमेच्या जागी आणखी एक औषध टोचावं लागतं.

मैत्रिणींनो, हे घरी भिंतीवर लिहून ठेवा. कुत्रं चावलं, नखानं ओरखडलं किंवा जखमेवर चाटलं, तर आधी साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण १५ मिनिटं. तिखट, हळद, चुना, तेल काही लावायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना. कुत्रं घरचं असलं तरी, पिल्लू असलं तरी. हा रोग एकदा अंगात उलटला की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, पण वेळेवर पूर्ण लस घेतली तर तो टाळता येतो. आणि पोराला रागावू नका. रागावलेलं पोर पुढच्या वेळी ओरखडा लपवतं आणि तेच जिवावर बेततं.

एवढं ऐकून कोणी म्हणेल, मग कुत्र्यापासून पोराला लांब ठेवलेलंच बरं. पण लांब ठेवलं तर पोर काय गमावतं, तेही इतिहासात सापडतं. न्यूयॉर्कमध्ये बोरिस लेविन्सन नावाचे बालमानसतज्ज्ञ होते. १९५० च्या दशकात त्यांच्याकडे एक मुलगा आणला होता, जो कोणाशी मोकळा होत नव्हता. त्या दिवशी डॉक्टरांचा जिंगल्स नावाचा कुत्रा खोलीतच राहून गेला होता. मुलगा कुत्र्याजवळ गेला, त्याच्याशी खेळला आणि मग हळूहळू डॉक्टरांशी बोलू लागला. १९६२ साली लेविन्सन यांनी यावर लेख लिहिला, तेव्हा त्यांची चेष्टाही झाली. पुढे हीच वाट अनेकांनी धरली. १९९९ साली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटी या गावी मुलांनी कुत्र्यांना पुस्तक वाचून दाखवण्याचा उपक्रम सुरू झाला. अडखळत वाचणाऱ्या पोराला वर्गात लाज वाटते. कुत्रं चूक काढत नाही, हसत नाही, नुसतं ऐकतं.

तेव्हा खेळायचं, पण आजींच्या काळच्या रीतीनं. पशुवैद्यांना विचारून आम्ही वस्तीवर काही खेळ सुरू केले. कुत्रं ओळखीचं, शांत आणि लस टोचलेलं, आणि एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर. ही अट पाळूनच हे खेळ.

पहिला खेळ विषामृताचा. आपला जुनाच. पळता पळता मोठ्या माणसानं "विष" म्हटलं, की सगळ्या पोरांनी झाडासारखं उभं राहायचं, हात छातीशी, नजर स्वतःच्या पायाकडे, तोंडातून आवाज नाही. "अमृत" म्हटलं की सुटका. आधी कुत्र्याशिवाय खेळायचा, अंगवळणी पडला की कुत्र्यासह. पोरं पळाली की कुत्रं उसळतं आणि थांबली की तेही बहुधा शांत होतं. रस्त्यात परकं कुत्रं अंगावर आलं, तर हेच झाड होणं पोराच्या कामी येतं. खाली पडलं, तर गुडघे पोटाशी घेऊन, हातांनी मान आणि कान झाकून दगड व्हायचं.

दुसरा खेळ करवंट्यांचा. तीन करवंट्या पालथ्या ठेवायच्या आणि एकीखाली भाकरीचा तुकडा. तुकडा मोठ्या माणसानं ठेवायचा. कुत्रं वासानं कोणती करवंटी उलथवतं, ते पोरांनी दोन पावलं लांबून ओळखायचं. कुत्र्याच्या नाकाची करामत पाहून पोरं टाळ्या पिटतात.

तिसरा खेळ लपाछपीचा. पोरानं आईबरोबर खोपीमागे लपायचं आणि कुत्र्याला नावानं हाक मारायची. मोत्या हुडकत आला, की शाबासकी द्यायची.

चौथा खेळ चेंडूचा. जुन्या लुगड्याच्या चिंध्या घट्ट गुंडाळून दोन मोठे चेंडू करायचे, तोंडात अडकणार नाहीत एवढे. एक फेकायचा. कुत्र्यानं आणला की दुसरा दाखवायचा, म्हणजे ते पहिला आपणच सोडतं. त्याच्या तोंडातून ओढायचा नाही.

पाचवा वाचनाचा. संध्याकाळी ओसरीवर पोरानं शाळेचं पुस्तक उघडायचं आणि कुत्र्याला धडा वाचून दाखवायचा. कुत्रं उठून गेलं तर जाऊ द्यायचं. त्याच्या अंगावर रेलायचं नाही.

खेळ १० मिनिटांचे पुरे. उन्हात नाहीत आणि कुत्र्याचं खाणं झाल्याबरोबर नाहीत. ओढाओढी, कुस्ती, पाठीवर बसणं, शेपूट धरणं, तोंडाला तोंड लावणं हे खेळ नाहीत. खेळून झालं की साबणानं हात धुवायचे.

कुरवाळायची पण रीत आहे. आधी मालकाला विचारायचं. मग कुत्र्याला स्वतःहून जवळ येऊ द्यायचं. आलं, तर हनुवटीखाली किंवा खांद्याजवळ हात फिरवायचा, डोक्यावरून नाही. थोडं कुरवाळून हात काढायचा. त्यानं पुन्हा अंग पुढं केलं, तर त्याला हवं आहे. तोंड फिरवलं, अंग ताठ केलं, शेपूट पायांत घातली किंवा उगाच ओठ चाटू लागलं, तर त्याला नको आहे. आणि गुरगुरलं म्हणून कुत्र्याला मारू नका. गुरगुरणं हा त्याचा "नको" हा शब्द आहे. मार खाऊन तो शब्द विसरलं, तर पुढच्या वेळी ते न बोलताच चावेल.

वस्तीवर विष घातलं गेलं नाही. आमच्या गटानं ग्रामसभेत विषय मांडला. लसीकरणासाठी पशुवैद्यांना बोलावलं, नसबंदीसाठी अर्ज दिला, आणि वेशीवरची घाण पुरण्यासाठी खड्डा घेतला. पशुवैद्यांनी सांगितलं, की पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची पहिली लस आणि पुढं दरवर्षी. एका वहीत आम्ही कुत्र्यांची नावं आणि लसीच्या तारखा लिहून ठेवल्या आहेत, बचतीच्या वहीशेजारीच. सगळं सुरळीत झालं असं नाही. नसबंदीचा अर्ज अजून फिरतो आहे आणि आम्ही त्याच्या मागे आहोत.

ती पोरगी पहिले दोन महिने कुत्रं दिसलं की आजीच्या पदरात शिरायची. तिला कोणी बळजबरी केली नाही. विषामृतात मात्र ती आली, आधी लांबून, मग जवळून. आता झाड व्हायला तिच्याइतकं निश्चल कोणाला जमत नाही. कुत्र्याला हात ती अजून लावत नाही. लावेल तेव्हा लावेल.

या आठवड्यात तुमच्या गटाच्या बैठकीत एवढंच करा. आपल्या वस्तीवर किती कुत्री आहेत, त्यांतल्या कितींना लस दिली आहे, हे एका कागदावर लिहा. आणि घरी गेल्यावर पोरांना नामदेव महाराजांची गोष्ट सांगा, शेवटच्या वाक्यासह.